कुंडली नको, रक्ताचा रिपोर्ट वाचा!

हृदय बदलले की माणूस बरा झाला, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते. एका गावाहून विमानाने हृदय निघाले, पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला आणि काही तासांत ते दुसऱ्याच्या छातीत धडधडू लागले. आपण बातमी वाचतो, कौतुक करतो आणि पान उलटतो. पण ज्या घरातला माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतो, त्या घराची खरी परीक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. हे हृदय टिकेल का? किती वर्षे टिकेल? शरीर त्याला आपले म्हणेल की परके म्हणून झिडकारील? घरातल्या आईला, पत्नीला याचे उत्तर हवे असते. ते मिळाले नाही की माणूस घाबरून नको त्या दारात जातो. कोणी कुंडली काढून आणतो, कोणी अंगारा लावतो.

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर आकाशातल्या ग्रहांत नाही. ते बऱ्याच अंशी रुग्णाच्या रक्तात आहे. हृदयाला त्रास होऊ लागला की त्याच्या खुणा रक्तात उतरतात. डॉक्टर त्यांना ‘बायोमार्कर’ म्हणतात. आपण त्यांना रक्तातल्या खुणा म्हणू. या खुणा कोणत्या, त्या काय सांगतात, काय सांगू शकत नाहीत आणि आपल्यासारख्या कामगार कुटुंबाने त्यांचा उपयोग कसा करून घ्यायचा, हे आज समजून घेऊ.

भट्टीवरचा आपला भाऊ

जालना एमआयडीसी म्हणजे लोखंडी सळयांचे आगर. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि लालबुंद लोखंड ओढून त्याच्या सळया करणाऱ्या रोलिंग मिल यांवर इथल्या हजारो घरांची चूल पेटते. समजा, अशाच एका मिलमध्ये काम करणारा आपला एक भाऊ आहे. वय चाळीस. गेल्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत तो शेवटपर्यंत चालला होता. यंदा मात्र जिना चढताना त्याला दम लागतो. रात्री आडवा झाला की गुदमरल्यासारखे होते, उठून बसावे लागते. संध्याकाळी पाय सुजतात. तो म्हणतो, “भट्टीची धग आहे, पाळीभर उभे राहून पाय सुजले.” वहिनी म्हणतात, “ॲसिडिटी असेल, जरा सोडा घ्या.” अशात सहा महिने निघून जातात.

हा दोष भट्टीचाच असतो असे नाही. हृदयाचा स्नायू थकला की हीच लक्षणे दिसतात. त्याची कारणे अनेक आहेत. पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, वर्षानुवर्षे अंगावर काढलेला रक्तदाब, विषाणूचा संसर्ग, दारू, किंवा लहानपणी घसा सुजून नंतर आलेल्या सांध्यांच्या तापाने खराब झालेल्या हृदयाच्या झडपा.

इथेच रक्तातल्या दोन खुणांची ओळख करून घेऊ. पहिली ‘बीएनपी’. हृदयाचे कप्पे ताणले गेले की त्यांचा स्नायू हे द्रव्य रक्तात सोडतो. ताण वाढला की आकडा वाढतो. दुसरी ‘ट्रोपोनिन’. हे हृदयाच्या स्नायूच्या पेशींमधले प्रथिन आहे. पेशींना इजा झाली, त्या मेल्या, की ते बाहेर पडून रक्तात येते. म्हणून छातीत दुखू लागले, काही मिनिटांत थांबले नाही, घाम फुटला, तर सोडा पीत बसू नये. तडक मोठा दवाखाना गाठावा आणि ईसीजीबरोबर ट्रोपोनिनची तपासणी करून घ्यावी. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टर काही तासांनी पुन्हा रक्त मागतात. ते पैशासाठी मागतात असे समजू नये. झटक्यानंतर ही खूण रक्तात चढायला वेळ लागतो.

बहुतेक रुग्ण औषधांनी, झडपेच्या शस्त्रक्रियेने किंवा रक्तवाहिन्यांवरच्या उपचारांनी सावरतात. ज्यांचे हृदय कशानेच सावरत नाही, त्यांच्यासाठी हृदयरोपण हा शेवटचा उपाय उरतो. आपल्या देशात वर्षाला दोनशे ते अडीचशेच्या आसपासच हृदयरोपणे होतात. समजा, आपल्या भावावर ती वेळ आली.

हृदयाची जात कोणती?

कोणाचे हृदय कोणाला चालेल, हे ठरवताना डॉक्टर रक्तगट पाहतात, दोघांच्या शरीराचा आकार पाहतात आणि रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे पाहतात. आपल्या प्रत्येक पेशीवर ओळखीचे जणू बिल्ले लावलेले असतात. परका बिल्ला दिसला की शरीराचे शिपाई त्यावर तुटून पडतात. ज्याला पूर्वी रक्त चढवले आहे, किंवा ज्या बाईची बाळंतपणे झाली आहेत, तिच्या रक्तात परक्या बिल्ल्यांविरुद्धची प्रतिपिंडे आधीच तयार असू शकतात. म्हणून किती वेळा रक्त चढवले, किती बाळंतपणे झाली, किती गर्भ पडले, हे डॉक्टरांपासून लपवू नये. आयाबहिणींनी तर संकोच मुळीच करू नये.

या सगळ्या तपासणीत जात, धर्म, रंग यांचा रकाना कुठेही येत नाही. जगातले पहिले मानवी हृदयरोपण डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्याच महिन्यात, २ जानेवारी १९६८ रोजी, बर्नार्ड यांनी दुसरे रोपण केले. क्लाइव्ह हॉप्ट या तरुणाचे हृदय फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याला बसवले. हॉप्ट तिथल्या वर्णद्वेषी कायद्याच्या भाषेत ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवर्णीय होता. त्या देशात तेव्हा रंग पाहून बसायची बाकडी वेगळी, समुद्रकिनारे वेगळे. जिवंतपणी जे दोघे एका बाकावर बसू शकत नव्हते, त्यांतल्या एकाच्या छातीत दुसऱ्याचे हृदय १९ महिने चालले. ब्लायबर्गच्या शरीराने हॉप्टला त्याचा रंग विचारला नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रयत्न फार लवकर झाला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. त्या काळी जगभर असेच होत होते. शस्त्रक्रिया जमत होती, पण शरीर नव्या हृदयाला झिडकारत होते. ते केव्हा झिडकारू लागले हे वेळेवर कळत नव्हते आणि कळले तरी थांबवता येत नव्हते. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि शरीराच्या शिपायांना आवर घालता येऊ लागला. आपल्याकडे १९९४ साली मेंदूमृत्यूला मान्यता देणारा अवयवरोपण कायदा झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले. तो रुग्ण एक कामगार होता आणि पुढे कितीतरी वर्षे जगला. जानेवारी २०१६ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून, म्हणजे जालन्याच्या शेजारून, एका मेंदूमृत तरुणाचे हृदय विमानाने मुंबईला मुलुंडच्या रुग्णालयात गेले. मराठवाड्याने हृदय दिले आहे आणि उद्या मराठवाड्यातल्या कामगाराला ते लागूही शकते.

नवे हृदय दुखत नाही

आता एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. हृदय काढताना त्याचे मज्जातंतू कापले जातात आणि दुसऱ्याच्या छातीत बसवताना ते जोडता येत नाहीत. म्हणून नव्या हृदयाचे ठोके स्वस्थ बसल्यावरही मिनिटाला ९० ते ११० पडतात. आणि म्हणूनच त्या हृदयाला रक्त कमी पडले तरी छातीत कळ येईलच असे नाही. हृदयात बिघाड होत असतो आणि माणूस हसत जेवत असतो. जे हृदय स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या वतीने रक्ताला बोलते करावे लागते.

शरीर नव्या हृदयाला झिडकारते आहे का, हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे बायोप्सी. मानेच्या शिरेतून एक बारीक चिमटा हृदयापर्यंत नेतात आणि स्नायूचे अगदी लहान तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पहिल्या वर्षात असे अनेक वेळा करावे लागते. रुग्णाला त्रास होतो, थोडा धोकाही असतो, आणि तुकडा नेमका चांगल्या जागेचा निघाला तर दुखणे निसटून जाते. म्हणून शास्त्रज्ञांनी रक्तातल्या नव्या खुणा शोधल्या.

त्यांतली एक तपासणी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जनुके वाचते. शरीराचे शिपाई शांत आहेत की चवताळले आहेत, याचा ० ते ४० असा आकडा ती देते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला २००८ साली मान्यता दिली. २०१० साली ६०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोपण होऊन सहा महिने उलटलेल्या स्थिर रुग्णांवर या तपासणीने लक्ष ठेवले, तरी नेहमीच्या बायोप्सीपेक्षा परिणाम वाईट आला नाही आणि बायोप्सी पुष्कळ कमी झाल्या.

दुसरी तपासणी त्याहून नवलाची आहे. नवे हृदय ज्याचे, त्याचेच जनुकद्रव्य त्या हृदयाच्या पेशींत असते. पेशी मेली की ते रुग्णाच्या रक्तात तरंगू लागते. आता रुग्णाच्या रक्तात दुसऱ्याचे जनुकद्रव्य किती, हे मोजता येते. ते वाढले, म्हणजे नव्या हृदयाला इजा होते आहे. २०२१ साली अमेरिकेत १७१ रुग्णांचा असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोपणानंतर पहिल्या दिवशी हे प्रमाण ३.८ टक्के होते. २८ दिवसांत ते ०.१३ टक्क्यावर उतरले. पुढे ०.२५ टक्क्याची रेघ आखली, तेव्हा रेघेखालच्या शंभर तपासण्यांपैकी ९९ वेळा झिडकार आढळला नाही. काही रुग्णांत तर बायोप्सीच्या कितीतरी आधी, काही आठवडे ते काही महिने आधी, या आकड्याने इशारा दिला होता.

मात्र आकडा वाढला म्हणजे झिडकारच, असेही नाही. जंतुसंसर्गानेही इजा होऊ शकते. रक्त धोक्याची घंटा वाजवते. चोर कोणत्या दाराने आला, हे डॉक्टरांनाच शोधावे लागते.

आकड्याला नशीब समजू नका

आपल्या लोकांची एक अडचण होते. रिपोर्टमध्ये आकडा वाईट आला की घरातला माणूस म्हणतो, “संपले सगळे, नशिबातच नव्हते.” म्हणजे कुंडली टाकली आणि रिपोर्टचीच कुंडली केली! दोन्हींतला फरक ओळखला पाहिजे. कुंडली सांगते ते बदलता येत नाही, असे सांगणाराच म्हणतो. रक्ताचा रिपोर्ट मात्र बदलण्यासाठीच काढलेला असतो. आकडा वाढला की औषधाची मात्रा बदलतात, जंतुसंसर्ग शोधतात, बायोप्सी करतात, आणि पुढचा आकडा खाली येऊ शकतो. कारण सापडले की परिणाम टाळण्याची वाट सापडते.

आणखी एक गोष्ट. २०११ साली अमेरिकेत रोपणानंतरच्या वर्षभरातला धोका सांगणारी ५० गुणांची पत्रिका तयार झाली. तीत रुग्णाचे वय, यकृताची हालत सांगणारे बिलिरुबिन, मूत्रपिंडाची हालत सांगणारे क्रिएटिनिन, नुकताच झालेला जंतुसंसर्ग अशा गोष्टींना गुण आहेत. हे समजण्यासारखे आहे. मूत्रपिंड आणि यकृत आधीच थकले असतील तर नवे हृदयही अडचणीत येते. पण त्याच पत्रिकेत वंशालाही गुण आहेत. रुग्ण कृष्णवर्णीय असला की धोक्याचे गुण वाढतात!

कातडीच्या रंगाने हृदय बंद पडते का? मुळीच नाही. जुन्या नोंदींत कृष्णवर्णीय रुग्ण अधिक दगावलेले होते, म्हणून ते गुण आले. त्यामागे काही कारणे शरीराची आहेत. झिडकार रोखणारे टॅक्रोलिमस हे औषध पुष्कळ कृष्णवर्णीयांच्या शरीरात लवकर संपते आणि त्यांना जास्त मात्रा लागते. काही कारणे समाजाची आहेत. विमा नाही, पैसा नाही, दवाखाना दूर, तपासणी चुकलेली. ही कारणे रक्ताच्या आकड्यात दिसत नाहीत, पण आकडा बिघडवतात. आपण वस्तीवर राहणाऱ्यांनी हे चटकन ओळखावे. ‘या लोकांचे असेच होते’ हे वाक्य आपल्या आजोबांनी पुष्कळ ऐकले आहे. त्यावर ‘का होते?’ असा प्रश्न करायलाच आपण शिकलो. २०२१ च्या त्या अभ्यासात सुमारे ४४ टक्के रुग्ण कृष्णवर्णीय होते. ज्यांच्यासाठी औषध, त्यांनाच मोजणीत घ्यायचे, ही साधी गोष्ट व्हायलाही वेळ लागला.

जालन्यात राहून काय करायचे?

आता आपला भाऊ रोपण करून घरी आला आहे, असे समजू. जनुकांच्या नव्या तपासण्या जिल्ह्याच्या गावी होत नाहीत. त्या मोठ्या शहरातल्या रोपण केंद्राकडूनच ठरतात. पण ज्या खुणांवर रोजचे जीवन टिकते, त्या साध्या आहेत आणि त्या घरच्यांच्या हातात आहेत.

पहिली खूण टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी. ती कमी पडली तर झिडकार होतो, जास्त झाली तर मूत्रपिंड बिघडते. हे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. गोळी घेऊन रक्त दिले तर आकडा फुगून येतो आणि डॉक्टरांची फसगत होते. म्हणून तपासणीच्या दिवशी गोळी डब्यात घालून बरोबर न्यावी, रक्त दिल्यावर घ्यावी.

दुसरी खूण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची. तिसरी साखर, कारण स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस यांनी साखर वाढते. चौथी कोलेस्टेरॉल, कारण नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होऊ शकतात. पाचवी पांढऱ्या पेशींची संख्या. या तपासण्या जालन्यात होतात. प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लावावा. एका आकड्यापेक्षा सहा महिन्यांचे आकडे ओळीने ठेवले तर डॉक्टरांना अधिक दिसते. घरातल्या शाळकरी मुलीलाही हे काम सोपवता येईल. एका वहीवर तारीख, आकडा, वजन, ताप लिहून ठेवावे. ती वही म्हणजे त्या घराचा पहारेकरी.

स्वयंपाकघरातली एक सूचना. पपनस खाऊ नये. त्याने टॅक्रोलिमसची पातळी वाढते. कोणी दिलेला काढा, भस्म, जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. उघड्यावरचे कापलेले फळ, कच्चे अंडे टाळावे. शरीराचे शिपाई औषधाने आवरलेले असतात, म्हणून साधा तापही अंगावर काढू नये. भट्टीची, भंगाराची धूळ अशा माणसाला सोसत नाही. हलके काम मागावे आणि त्यासाठी डॉक्टरांचे पत्र घ्यावे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तोच सर्वांत मोठा आहे. गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. पैसे नाहीत म्हणून आठवडाभर गोळी चुकली, तर वर्षांचे रिपोर्ट वाया जातात. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यांच्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, त्याची मुळे या कामात आहेत. पगारातून कापली जाणारी ईएसआयची रक्कम ही त्या विचाराची आजची पावती आहे. ती कापली जाते का, आणि कापलेली भरली जाते का, हे प्रत्येक कामगाराने, विशेषतः कंत्राटदाराकडच्या कामगाराने, पाहिले पाहिजे. विमा क्रमांक घरात लिहून ठेवावा. दीर्घ आजारात या योजनेतून वेतनाच्या ८० टक्के दराने वाढीव आजार-लाभाची तरतूद आहे. हृदयाच्या स्नायूचे काही आजार त्या यादीत आहेत. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना रोपणानंतरच्या औषधांसाठी महिना दहा हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केलेली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करावी. कोणता खर्च कुठे बसतो, हे रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना शस्त्रक्रियेआधीच विचारून लेखी घ्यावे. मागून विचारले तर उशीर झालेला असतो.

हृदयरोपण झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी निम्मे आज बारा वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक जगतात. बारा वर्षे म्हणजे पहिलीतली मुलगी बारावी होण्याइतका काळ. तेवढ्या काळात बाप तिच्याजवळ राहील की नाही, हे कोणी ज्योतिषी सांगू शकणार नाही. पण ठरलेल्या तारखेला रक्त दिले, रिपोर्ट फाइलीत लागला, फोनवर डॉक्टरांना आकडा कळला आणि संध्याकाळची गोळी वेळेवर पोटात गेली, तर तो राहण्याची शक्यता वाढते. म्हणून वहीवर पुढच्या तपासणीची तारीख आजच लिहून ठेवा.